तीन स्टेशने आणि बेकारीचा एक आकडा

दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत अर्ज तपासण्याचे काम मराठी विभागातल्या आम्हां प्राध्यापकांकडेही येते. अर्जात 'पालकांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. आमच्याकडे येणारी बहुतेक मुले उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन स्टेशनांवरची. त्या एका रकान्यात ती काय लिहितात यावरून, पत्ता न वाचताही, मूल कोणत्या स्टेशनावरचे हे पुष्कळदा ओळखता येते. उल्हासनगरचे मूल 'दुकान' किंवा 'घरचा धंदा' असे लिहिते. अंबरनाथचे 'कंपनीत' एवढेच लिहिते. कोणत्या कंपनीत ते लिहीत नाही, कारण कंत्राटदार बदलला की कंपनीही बदलते. बदलापूरचे मूल 'नोकरी, मुंबई' असे लिहिते. आणि तिन्ही गावांतली काही मुले तो रकाना कोराच ठेवतात. विचारले तर अर्जाकडे पाहत म्हणतात, "सर, सध्या घरीच असतात."

काही वर्षांपूर्वी जयंत पवार यांचे 'अधांतर' शिकवत असताना एका विद्यार्थ्याने आम्हांला अडवले. गिरण्यांच्या संपात किती माणसे बेकार झाली याचे आकडे पुस्तकांत सापडतात, पण आपल्या गावात आज किती जण बेकार आहेत ते कुठे सापडेल, असा त्याचा प्रश्न होता. प्रश्न साधा होता आणि त्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. देशाचा बेरोजगारीचा दर आता दरमहा छापून येतो, राज्यांचे दरही प्रसिद्ध होतात. लोकलने वीस मिनिटांच्या आत पार होणाऱ्या या तीन स्टेशनांचा वेगवेगळा दर मात्र कोणी छापत नाही. प्रस्तुत लेखात तो दर काढून दाखवण्याचा आमचा आव नाही. तो काढायचे कोणी ठरवलेच, तर या तीन गावांचे तीन निरनिराळे इतिहास त्याच्या आड कसे येतील, एवढेच आम्हांला पाहायचे आहे.

१

साहित्याचे विद्यार्थी असल्यामुळे आधी शब्दांकडे वळणे आम्हांला भाग आहे. 'कार' म्हणजे काम; ज्याला ते नाही तो 'बेकार'. हा फारसी वळणाचा शब्द मराठीत इतका रुळला की त्याचा अर्थ माणसावरून घसरून वस्तूंवर गेला. सिनेमा बेकार असतो, रस्ता बेकार असतो. मग काम नसलेल्या माणसाला 'बेकार' म्हटले की तो निकामीही ठरतो. म्हणूनच की काय, सरकारी मराठीने 'बेरोजगार' हा शब्द जवळ केला. फारसीत 'रोजगार' म्हणजे काळ, दिवसमान. मराठीत त्यातला 'रोज' दिवसाच्या मजुरीशी जोडला गेला, आणि 'रोजंदारी' हा शब्द तर दिवस आणि पैसा एकमेकांपासून वेगळे करूच देत नाही. याच वळणाचा तिसरा शब्द 'बेगार'. बेकाराजवळ काम नसते. वेठबेगार करणाऱ्याजवळ काम असते, मोबदला नसतो. हे तीन शब्द एकमेकांशेजारी ठेवले की संख्याशास्त्रज्ञांपुढची निम्मी अडचण आपल्या भाषेला आधीच ठाऊक होती असे वाटू लागते.

आता दराकडे. बेरोजगारीचा दर म्हणजे लोकसंख्येतील बेकारांचे शेकडा प्रमाण, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो बरोबर नाही. छेदात सगळी लोकसंख्या नसते, फक्त श्रमशक्ती असते. म्हणजे जे काम करीत आहेत ते, आणि जे करीत नाहीत पण शोधत आहेत किंवा मिळाल्यास करायला तयार आहेत ते. शिकणारी मुले, केवळ घर सांभाळणाऱ्या स्त्रिया, थकलेली माणसे अंशातही नसतात आणि छेदातही नसतात. समजा, एका वस्तीत ९५ जण काम करतात आणि ५ जण काम शोधतात. दर ५ टक्के झाला. त्या पाचांपैकी तिघांनी कंटाळून शोध सोडला आणि आता नकोच असे ते सांगू लागले, तर दर सुमारे २ टक्क्यांवर येतो. काम कोणालाही मिळालेले नसते. माणसे निराश झाली की दर सुधारतो, ही या गणिताची मुळातली खोच ध्यानात घेतली पाहिजे.

ही अडचण आपल्याकडच्या अर्थशास्त्रज्ञांनी फार पूर्वी ओळखली होती. बेकारीच्या अंदाजांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या, प्रा. एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल १९७० साली आला. ज्या देशात बहुसंख्य माणसे स्वतःच्या शेतावर, स्वतःच्या दुकानात, घरच्यांबरोबर राबतात, तिथे सगळ्यांना एका आकड्यात बसवू नका, असा त्याचा रोख होता. त्यानंतर १९७२-७३च्या राष्ट्रीय नमुना पाहणीपासून एकाच माणसाला वर्षाच्या, आठवड्याच्या आणि दिवसाच्या मापाने वेगवेगळे मोजण्याची रीत पडली. वर्षाच्या मापात बहुतेक काळ काय केले ते पाहतात. आठवड्याच्या मापात मागील सात दिवसांत एखाद्या दिवशी तासभर जरी काम केलेले असले, तरी तो माणूस रोजगारात धरला जातो.

पाहणीच्या तक्त्यांत प्रत्येक माणसाला एक सांकेतिक क्रमांक मिळतो. स्वतःचा धंदा करणारा ११, घरच्या धंद्यात पगाराविना मदत करणारा २१, नियमित पगारदार ३१, काम शोधणारा किंवा मिळाल्यास करायला तयार असलेला ८१, विद्यार्थी ९१, केवळ घरकाम करणारी ९२. एखादी कादंबरी दोन अंकांत आटोपावी तसे हे आहे. आणि कोणत्या अंकात आटोपायची, हे विचारलेल्या प्रश्नावर ठरते. १९७१च्या जनगणनेत माणसाचे मुख्य कार्य कोणते असे विचारले गेले. शेतात, गोठ्यात, मागावर राबणाऱ्या असंख्य स्त्रियांचे मुख्य कार्य 'घरकाम' असे लिहिले गेले, आणि १९६१च्या तुलनेत काम करणाऱ्या स्त्रियांची नोंदलेली संख्या एकदम कोसळली. स्त्रिया होत्या तिथेच राबत होत्या; प्रश्न तेवढा बदलला होता. १९८१ साली 'सीमांतिक कामगार' असा निराळा वर्ग करून ती चूक काही अंशी सावरावी लागली.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर आपण गाडीत बसू. कल्याणहून कर्जतकडे निघालेल्या गाडीला आधी उल्हासनगर लागते.

२

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभी राहिली होती. युद्ध संपले, बराकी रिकाम्या झाल्या, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या बराकींत आणून उतरवले गेले. त्यांची संख्या लाखाच्या घरात होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची पायाभरणी होऊन उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. तरी छावणीची खूण पुसली गेली नाही. आजही इथला माणूस पत्ता सांगताना कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर पाच असेच म्हणतो.

त्या वर्षी कोणी इथला बेकारीचा दर काढला असता तर काय हाती आले असते, याची कल्पना करून पाहावी. शेत मागे राहिलेले, पेढी मागे राहिलेली, सरकारी नोकरी मागे राहिलेली. अशा माणसांनी आगगाडीच्या डब्यांत गोळ्या-बिस्किटे विकली, बायकांनी बराकीच्या ओट्यावर पापड लाटले, लोणची घातली. बाहेर नोकरी देणारे कोणी नव्हते, म्हणून प्रत्येक घर स्वतःच स्वतःचा मालक झाले. शहाडला सेंच्युरी रेयॉनसारखा मोठा कारखाना पुढे आला, पण गावाचा स्वभाव बाजाराचाच राहिला. जपानी बाजार, गजानन मार्केट, फर्निचरची दुकाने, नंतर जीन्सचा धंदा. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद महाराष्ट्रात सर्वांनी ऐकलेला आहे. त्या विनोदात हेटाळणी आहे. पण ज्यांना कोणी कामावर ठेवले नाही त्यांनी काम कुठून आणले, या प्रश्नाचे उत्तरही त्याच विनोदात दडलेले आहे.

अशा गावात बेकारीचा दर कमी येईल अशीच अपेक्षा धरावी लागते. मात्र तो का कमी येईल हे पाहिले पाहिजे. कापडाचे एक दुकान घ्या. गल्ल्यावर वडील, आत काका, बी.कॉम. होऊन दोन वर्षे झालेला मुलगा गिऱ्हाइकांपुढे ठाने उलगडतो. पाहणीत वडील ११, मुलगा २१, दोघेही रोजगारात. उद्या समोर मॉल आला आणि विक्री निम्म्यावर आली, तरी या दुकानातून कोणालाही कामावरून काढले जात नाही. बापाने मुलाला काढायचे तरी कसे? मिळकत तेवढी पाचांत वाटली जाते आणि पूर्वीपेक्षा पातळ होते. जोन रॉबिन्सन यांनी १९३६ साली यासाठी जो शब्दप्रयोग केला त्याला मराठी पाठ्यपुस्तकांत 'प्रच्छन्न बेकारी' म्हणतात, आणि उदाहरण नेहमी शेतीचे देतात. एका तुकड्यावर राबणारे पाच भाऊ तिथे असतात. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही आता शेताऐवजी दुकान दाखवतो. उल्हासनगरची बेकारी रस्त्यावर येत नाही, ती दुकानात मुरते.

जीन्सच्या धंद्यात तिची आणखी एक तऱ्हा दिसली. जीन्स धुण्याच्या कारखान्यांचे रंगीत पाणी वालधुनी नदीत जात असे. प्रदूषणाच्या खटल्यांनंतर २०१७ साली असे शेकडो कारखाने बंद झाले. नदीच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. पण त्यांत राबणारे कितीतरी कामगार परप्रांतांतून आलेले होते. असा माणूस गावी परतला की त्याची बेकारी त्याच्याबरोबर प्रवास करते; ती उल्हासनगरच्या आकड्यात राहत नाही. कारखाना नगरपालिकेच्या हद्दीबाहेरच्या एखाद्या खेड्यात हलला, तर रोजगारही तिकडे नोंदला जातो. घरी बसून जीन्सचे धागे कापणाऱ्या बाईचे तर आणखीच निराळे. धागाकटिंगचे गठ्ठे येणे थांबले तेव्हा तिने काय गमावले? पाहणी करणाऱ्याने तिला आधीच ९२मध्ये घातले असेल, तर काहीच नाही.

३

अंबरनाथला गावाचा इतिहास शिलालेखापासून सांगण्याची प्रथा आहे. शिलाहारांच्या काळातले, इ.स. १०६०चे शिवमंदिर हे गावाचे भूषण आहेच. पण इथल्या कामगाराच्या घरातला इतिहास पहिल्या महायुद्धानंतर सुरू होतो. धरमसी मोरारजी केमिकल कंपनीचा रसायनांचा आणि खतांचा कारखाना, १९२०च्या दशकात आलेला विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना, स्वातंत्र्यानंतर १९५०च्या दशकात संरक्षण खात्याचे आयुधनिर्माणीचे कारखाने. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे बारवी धरणाचे पाणी आले आणि मोरिवली, आनंदनगर अशा औद्योगिक वसाहती वाढत गेल्या. उल्हासनगरात माणसाने काम शोधून काढले असेल, तर अंबरनाथला कामाने माणसे बोलावून घेतली. पाळ्या, भोंगे, हजेरीचे कार्ड आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार यांनी इथल्या वेळेला आकार दिला.

म्हणून इथे बेकारीच्या मोजमापात व्याख्येपेक्षा काळाची अडचण मोठी. कारखान्याच्या बोलीत माणसांच्या जाती ठरलेल्या आहेत: परमनंट, टेम्पररी, कंत्राटी आणि नाक्यावरचा. टेम्पररी माणसाच्या आयुष्यात 'ब्रेक' हा शब्द फार महत्त्वाचा असतो. औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की ती सलग वर्षाची सेवा धरली जाई आणि तिच्याबरोबर काही हक्क येत. म्हणून २४० भरण्याआधीच माणसाला ब्रेक देण्याची चाल सर्वत्र पडली. काही आठवडे घरी, मग पुन्हा नव्या नावाने, नव्या कंत्राटदाराकडे तीच मशीन. हा माणूस बेकार आहे काय? वर्षाच्या मापाने नाही, कारण वर्षाचा बहुतेक भाग तो कामावर होता. आठवड्याच्या मापाने, पाहणी करणारा ब्रेकच्या काळात दारात आला आणि माणूस त्या आठवड्यात दुसरे काम शोधत असला किंवा मिळाल्यास करायला तयार असला, तर आहे. मुंबईच्या गिरण्यांत 'बदली कामगार' रोज सकाळी फाटकावर उभा राहायचा आणि कोणी गैरहजर असेल तरच आत जायचा; त्याला मोजण्यासाठी तर दिवसाचेच माप हवे. दांतवाला समितीने एका आकड्याला नकार का दिला, हे या फाटकाशी उभे राहिल्यावर कळते.

कारखाना बंद होतो तेव्हाही सगळे जण बेकारांच्या यादीत जात नाहीत. पंचेचाळिशीत व्हीआरएस घेतलेला माणूस स्वतःला 'रिटायर' म्हणवतो. मिळालेल्या पैशातून रिक्षा घेतली की तो ११ होतो. दोन वर्षे काम शोधून थकला की तो कशातच राहत नाही. विम्को नाका हे नाव अंबरनाथमध्ये सर्वांच्या तोंडी आहे. त्या नाक्यावर उतरणाऱ्या आजच्या मुलांतल्या कितीजणांना ते आगपेट्यांवरून आले हे ठाऊक असेल, याची आम्हांला शंका आहे. नावे टिकतात, हजेरीची कार्डे टिकत नाहीत. २०२१ साली आयुधनिर्माणी मंडळ बरखास्त होऊन त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा ज्या घरांत 'सरकारी' या एका शब्दावर लग्ने ठरली होती तिथे काय चर्चा झाल्या, त्या आम्ही वर्गातल्या मुलांकडून ऐकल्या आहेत. नोकरी कोणाची गेली नव्हती. दर तसूभर हलला नसता. हलली होती ती एक खात्री.

आणखी एक गोष्ट. अंबरनाथच्या कारखान्यांत काम करणारा प्रत्येक माणूस अंबरनाथचा नसतो. तो उल्हासनगरहून येतो, बदलापूरहून येतो, आसपासच्या खेड्यांतून दुचाकीवर येतो. कारखाना एका गावात, कामगार दुसऱ्या गावात. मग कारखाना बंद पडला तर दर कोणत्या गावाचा वाढणार? या प्रश्नाने आपण बदलापूरला पोहोचतो.

४

बदलापूर म्हणजे घोडे बदलण्याचे ठिकाण, अशी व्युत्पत्ती गावात सांगतात. खरी असो वा नसो, ती गावाला शोभते. वाटेवरचे, थांबून पुढे जाण्याचे गाव. १८५६ साली कल्याणपुढची रेल्वे इथे आली. मुंबईपासून ६८ किलोमीटरवरच्या या गावाची लोकसंख्या २००१ साली ९७,९४८ होती, ती २०११ साली १,७४,२२६ झाली. दहा वर्षांत पाऊणपटीहून अधिक वाढ. त्याच दहा वर्षांत अंबरनाथ २,०३,८०४ वरून २,५३,४७५वर गेले आणि उल्हासनगर ४,७३,७३१ वरून ५,०६,०९८वर, म्हणजे जेमतेम सात टक्क्यांनी वाढले. बदलापूरला माणसे कामासाठी आली नाहीत, ती परवडणाऱ्या घरासाठी आली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव हळूहळू रिकामे होत गेले; चाळीतली खोली विकून लांबच्या स्टेशनावर दोन खोल्या घेणाऱ्या कुटुंबांची जी रांग लागली ती इथपर्यंत आली. तिच्यामागून बँका, विमा कंपन्या, दुकाने, रुग्णालये यांत नोकऱ्या करणारा नवा मध्यमवर्ग आला. मानकिवलीला औद्योगिक वसाहत आहे, पण गावाचे पोट लोकल भरते.

रोजगार जिथे राहतो तिथे मोजायचा की जिथे करतो तिथे? पाहणी घरोघर होते, म्हणून फोर्टमधल्या कचेरीतली नोकरी बदलापूरच्या खात्यात जमा होते. तसे असेल तर बदलापूरचा दर हा बदलापूरच्या अर्थव्यवस्थेविषयी फारसे काही सांगत नाही; तो मुंबईची अर्थव्यवस्था आणि मध्य रेल्वेचे वेळापत्रक यांविषयी सांगतो. ब्रिटनमध्ये या अडचणीवर एक तोड काढली गेली. तिथे नगरपालिकांच्या हद्दी बाजूला ठेवून 'कामाला जाण्यायेण्याची क्षेत्रे' आखतात: साधारणतः जिथे राहणाऱ्या कामकऱ्यांपैकी ७५ टक्के तिथेच काम करतात आणि जिथे काम करणाऱ्यांपैकी ७५ टक्के तिथेच राहतात, असा प्रदेश. ही कसोटी आमच्या तीन स्टेशनांना लावली तर आमच्या समजुतीप्रमाणे त्यांतले एकही स्वतंत्र ठरणार नाही. सगळी मिळून मुंबईच्या एका अवाढव्य क्षेत्रात विरघळतील.

आपल्या हद्दी मात्र इतिहासाने आणि राजकारणाने आखल्या. १९८३ साली कल्याणची महापालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात होती. १९९२ साली ती बाहेर पडून त्यांच्या पुन्हा नगरपालिका झाल्या. १९९६ साली उल्हासनगरची महापालिका झाली. २०११च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, एक कोटी दहा लाखांचा. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर निघाला. एखादा माणूस पन्नास वर्षे एकाच खोलीत राहिला असला, तरी त्याला मोजणारे खाते अनेकदा बदलले आहे. आता २०२५पासून श्रमशक्ती पाहणीची रचना बदलून जिल्हा हा नमुन्याचा पाया केला गेला आहे आणि घरांची संख्याही देशभरात २ लाख ७० हजारांच्या पुढे नेली आहे. हे स्वागतार्हच आहे. तरीही त्या घरांपैकी एखाद्या गावाच्या वाट्याला फार थोडी येतात. तेवढ्यावर गावाचा दर काढला तर दोन-चार घरांच्या उत्तरांनी तो वर-खाली होईल. गावपातळीवर घरोघर जाणारी गणना म्हणजे जनगणना. २०२१ची झाली नाही, आणि पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरली आहे. तोवर बदलापूरचे वय २०११चेच.

हद्दीचा प्रश्न केवळ कागदी नाही, हे २०२० साली आम्ही पाहिले. त्या मार्चमध्ये लोकल थांबली. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाच्या शहरी भागातला बेरोजगारीचा दर २१ टक्क्यांच्या घरात गेला. पुढे कचेऱ्या उघडू लागल्या. १५ जूनपासून लोकल सुरू झाली ती केवळ अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. सर्व स्त्रियांना ठरावीक वेळांत २१ ऑक्टोबरपासून, आणि सर्वसामान्य प्रवाशांना १ फेब्रुवारी २०२१पासून तिच्यात जागा मिळाली. दादरला राहणाऱ्या माणसाची नोकरी ज्या दिवशी सुरू झाली, त्या दिवशी बदलापूरच्या माणसाची सुरू झाली नाही. एकाच दुकानातले दोन सेल्समन, एकाच पगाराचे. एक चालत कामावर गेला, दुसरा पहाटे एस.टी.च्या रांगेत उभा राहिला आणि काही आठवड्यांनी त्याला सांगण्यात आले की तुझी जागा भरली. दोन गावांच्या बेकारीत फरक का पडतो, याचे इतके उघडे उत्तर अर्थशास्त्राच्या पुस्तकात क्वचितच सापडेल.

५

मग स्थानिक बेकारी समजून घ्यायची कशी? एक जुने उदाहरण आमच्या व्यवसायाला जवळचे आहे. ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या छोट्या गावातली कापडगिरणी १९२९-३०मध्ये बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी तिथे जाऊन जो अभ्यास केला तो १९३३ साली प्रसिद्ध झाला. दर काढण्याचा तिथे प्रश्नच नव्हता. त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांचा चालण्याचा वेग मोजला. पुरुष सावकाश चालत, वाटेत थांबत. बायकांना थांबायला वेळ नव्हता. आणि त्यांनी गावातल्या वाचनालयाची नोंदवही पाहिली. वेळच वेळ हाताशी असताना पुस्तके अधिक वाचली जातील असे कोणालाही वाटेल. दोन वर्षांत पुस्तकांची देवघेव जवळजवळ निम्म्याने घटली होती. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी १९३६-३७ साली एका शहराची घरोघर जाऊन पाहणी करवली, त्यामागेही अशीच चिकाटी होती. गावाचे दुःख गावात जाऊन मोजावे लागते.

हा प्रश्न आमच्या उंबऱ्याबाहेरचा नाही. ज्या वर्गात आम्ही मराठी शिकवतो तिथेच, शेजारच्या खोलीत, नेट-सेट झालेले आमचे तरुण सहकारी तासिका तत्त्वावर शिकवतात. आठवड्याला मोजके तास, तासाला ठरलेली रक्कम, तीही महिनोन्‌महिने थकलेली, आणि सुट्टीत काहीच नाही. आठवड्यात तासभर काम केलेला माणूस रोजगारात धरतात, हे वर आलेच आहे. या हिशेबाने आमचा सहकारी कितीतरी पटींनी रोजगारात आहे. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून कोणी तसे म्हणणार नाही. आमच्यापैकी काहींनी ही वर्षे स्वतः काढलेली आहेत, त्या काळात नातेवाइकांनी "सध्या काय करतोस?" असे विचारले की "शिकवतो" आणि "शोधतो" ही दोन्ही उत्तरे खरी असत.

गेल्या वर्षी आम्ही तृतीय वर्षाच्या मुलांना एक छोटे काम दिले. आपल्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने गेल्या सात दिवसांत किती तास काम केले ते लिहायचे. काम कोणते, कुठे आणि पैसे मिळाले का, तेही. नाव लिहायचे नाही. तीन स्टेशनांवरची उत्तरे तीन गठ्ठ्यांत ठेवली. उल्हासनगरच्या गठ्ठ्यात तास पुष्कळ होते, पैशाचा रकाना बहुतेक रिकामा होता. बदलापूरच्या गठ्ठ्यात एका मुलीने प्रवासाचे तास कामात धरायचे का, असे कडेला लिहून ठेवले होते. अंबरनाथच्या गठ्ठ्यातला एक कागद आम्ही बाजूला काढून ठेवला. त्यावर दोनच ओळी होत्या. वडील: शून्य तास, ब्रेक, केव्हा संपेल माहीत नाही. आई: ४१ तास, धागाकटिंग, घरी, नगावर पैसे. खाली पुन्हा लिहिले होते: 'सर, प्रवेशाच्या अर्जात मी वडिलांपुढे नोकरी आणि आईपुढे गृहिणी असे लिहिले आहे. ते बदलता येईल का?'

कार्यालयात चौकशी केली. वर्षाच्या मध्यात अर्ज बदलता येत नाही, असे कळले.